कंपनीचे टायर बदलताना



बेणे, लागण, खोडवा, ठिबक, खताचे हप्ते यांवर या पानांतून आम्ही नेहमी लिहीत आलो आहोत. या खेपेस विषय शेतातला नाही, दारातला आहे. पूर्वी ज्या अंगणात बैलगाडी सोडलेली दिसायची, तिथे आज चारचाकी उभी असते. कुणाची नवी, कुणाची जुन्या बाजारातून आणलेली. गाडी घेताना आपण रंग पाहतो, मायलेज विचारतो, एसी लावून बघतो. टायर मात्र कोणी वाकून पाहत नाही. कंपनीने बसवून दिले म्हणजे चांगलेच असणार, अशी आपली समजूत असते. पुढे चार-पाच वर्षांनी ते बदलायची वेळ आली की दुकानात जाऊन "स्वस्तातला दाखवा" एवढेच बोलणे होते. या दोहोंच्या मध्ये जे समजून घ्यायचे राहून जाते, ते या पाठात मांडायचे आहे.

आपल्या जुन्या माणसांना हा विषय नवा वाटू नये. लाकडी चाकाच्या गाडीला लोखंडी धाव असायची. धाव सैल झाली की गाडी जुंपायच्या आधी ती लोहाराकडे नेऊन तापवून चढवून घेतली जाई. सैल धावेची गाडी घेऊन घाटात उतरायला कोणी धजत नसे. पुढे डनलॉपची टायरगाडी आली, तीच बैलजोडी जास्त ऊस ओढू लागली आणि चाकाकडे पाहण्याची सवय हळूहळू गेली. रबर आहे, चालतेय, चालू द्या. मोटारीच्या बाबतीतही तेच झाले.

आता एक खरी घडलेली गोष्ट सांगतो. २०१० सालच्या ऑक्टोबर महिन्यात पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचा मागचा टायर फुटला. गाडी खोल दरीत गेली आणि आतला एक कर्ता गृहस्थ जागीच गेला. मागे राहिलेल्या कुटुंबाने भरपाईचा दावा केला. विमा कंपनीचे म्हणणे असे, की टायर फुटणे ही दैवी घटना आहे, तिला कोण काय करणार? न्यायाधिकरणाने २०१६ साली सुमारे सव्वा कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितले. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. २०२३ साली उच्च न्यायालयाने अपील फेटाळले आणि स्पष्ट सांगितले, की टायर फुटणे ही देवाची करणी नव्हे, तो माणसाचा निष्काळजीपणा आहे. बेसुमार वेग, हवा कमी असणे, हवा जास्त असणे, वापरलेला जुना टायर, तापमान अशी कारणे न्यायालयाने गणली. निघण्यापूर्वी टायर पाहणे हे चालवणाऱ्याचे काम आहे, असेही म्हटले.

आपल्याकडे अपघात झाला की पारावर एकच वाक्य ऐकू येते, "काय करणार, टायर फुटला." हे वाक्य फार सोयीचे आहे, त्यात कोणाचाच दोष राहत नाही. बऱ्याच वेळा ते खरेही नसते. १ जुलै २०२३ च्या रात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. चालकाने टायर फुटल्याचे सांगितले होते. परिवहन अधिकाऱ्यांच्या अहवालात मात्र टायर फुटल्याचा पुरावा जागेवर मिळाला नाही, असे नोंदले गेले. सांगायचा मुद्दा असा, की टायरला दैवाच्या खात्यात टाकू नका. तो आपल्या खात्यातला आहे. आणि कंपनीचे पहिले टायर उतरवून नवे घेण्याची जी वेळ असते, तीच या बाबतीत मालकाच्या हातात खरी निवड येण्याची वेळ.

गाडी कितीही मोठी असो, रस्त्याला ती चारच ठिकाणी टेकते. प्रत्येक ठिकाणी टेकलेला रबराचा तुकडा साधारण आपल्या तळहाताएवढा. म्हणजे बाराशे-चौदाशे किलोची गाडी, आत घरची पाच माणसे, मागे पोते, आणि हे सारे चार तळहातांवर. ब्रेक उत्तम असला तरी तो चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो हा तळहात. स्टिअरिंग फिरवले तर चाक वळते, गाडी वळवतो तो हा तळहात. म्हणून ब्रेक नवे करून, शॉकॲब्सॉर्बर बदलून जो फरक पडत नाही तो पुष्कळदा चांगले टायर घालून पडतो. फिटर हे जाणतात, पण गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून सांगत नाहीत.

मग कंपनीने बसवलेले टायर वाईट असतात का? तसे नव्हे. ते तडजोडीचे असतात. कारखानदाराला गाडीची किंमत आटोक्यात ठेवायची असते, मायलेजचा आकडा चांगला दाखवायचा असतो, आत आवाज कमी यायला हवा असतो. हलका, सहज घरंगळणारा, कडक रबराचा टायर त्याला सोयीचा. असा टायर पुष्कळ किलोमीटर चालतोही. पण सहज घरंगळणे आणि रस्ता घट्ट धरणे या दोन गोष्टी एकाच रबरात पुरेपूर मिळवणे महागात जाते. त्यामुळे कमी किमतीच्या गाडीत बहुधा पकडीला कात्री लागते.

याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. २०११ साली आलेली स्विफ्ट आपल्या भागात घरोघर आहे. तिच्या खालच्या प्रकारांना १६५/८० आर १४ मापाचे टायर होते आणि वरच्या प्रकाराला १८५/६५ आर १५. गाडी तीच, ढाचा तोच, तरी खालच्या प्रकाराचा टायर वीस मिलिमीटरने अरुंद. ज्याने कमी पैसे दिले त्याला वळणावर कमी धोका असतो असे थोडेच आहे! अशा गाड्यांच्या पुष्कळ मालकांनी पुढे १८५/७० आर १४ हे माप घातले. त्याच रिमवर बसते, गाडी रस्ता अधिक धरते. स्टिअरिंग किंचित जड होते आणि मायलेज थोडे उतरते, हेही सांगितले पाहिजे. फुकट काहीच मिळत नाही.

हे आकडे काय आहेत ते एकदा नीट समजून घेऊ. टायरच्या कडेवर ते ठसठशीत छापलेले असतात, पण धूळ पुसून ते वाचणारे विरळा. १८५/६५ आर १५ ८८ एच असे लिहिले आहे समजा. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे कडेची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल बांधणी. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. आपले फिटर रिमला डिस्क म्हणतात, तीच ही. ८८ हा भाराचा अंक, त्याचा अर्थ एक टायर ५६० किलो पेलू शकतो. शेवटचे अक्षर वेगाचे. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, टी म्हणजे १९०, एस म्हणजे १८०. एवढ्या वेगाने खर्ड्याहून जामखेडला जायचे नाही हे खरे. पण वेगाचे अक्षर वरचे असलेला टायर उष्णताही अधिक सोसतो आणि आपल्या उन्हाळ्यात त्याचा उपयोग आहे.

जुन्या जीपला ६.००-१६ आणि ॲम्बॅसडरला ५.९०-१५ असे आकडे असत. ती आडव्या-तिरप्या धाग्यांच्या नायलॉन टायरची मापे. रेडियल आल्यावर ज्यांनी बदल केला त्यांना गाडी जणू नवी झाल्यासारखी वाटली असेल. आजही कोणाकडे जुनी जीप असेल तर एक नियम पाळावा. एकाच आखावर एक नायलॉन आणि एक रेडियल असे कधी घालू नये. दोन्हींची लवण्याची रीत निराळी आहे, ब्रेक लावला की गाडी एका अंगाला जाते.

आता मापाचा हिशोब. टायर बदलताना रुंदी वाढवली तर एकूण व्यास जवळजवळ तोच राहिला पाहिजे, हे मुख्य सूत्र. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२. कड वर एक आणि खाली एक, म्हणून दुप्पट, २६४. त्यात १४ इंचाच्या रिमचे ३५५.६ मिळवा. झाले ६१९.६ मिलिमीटर. तसेच १८५ चे ७० टक्के १२९.५, दुप्पट २५९, अधिक ३५५.६, म्हणजे ६१४.६. फरक फक्त ५ मिलिमीटरचा, शेकडा एकाच्याही आत. हा बदल चालण्यासारखा आहे. वरच्या प्रकाराचे १८५/६५ आर १५ याच रीतीने काढून पाहा, ६२१.५ येते. म्हणजे कंपनीनेही तोच हिशोब सांभाळला आहे.

पण आपल्याकडची तरुण मंडळी काय करतात? १८५/६५ आर १५ च्या जागी दुकानदाराकडे पडलेला २०५/६५ आर १५ चढवतात, दिसायला दांडगा दिसतो म्हणून. त्याचा व्यास ६४७.५ येतो. चार टक्क्यांहून अधिक फरक. घड्याळात १०० दिसतात तेव्हा गाडी १०४ ने धावत असते. स्टिअरिंग पूर्ण वळवले की टायर मडगार्डला घासतो, आणि खड्ड्यात गाडी दबली की घासतोच. गाडी उचलायला इंजिनला जोर लागतो तो निराळाच. पोरांना हे पटत नाही, कागदावर मांडून दाखवले की पटते, म्हणून वरचा हिशोब इतका सविस्तर दिला.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत असलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हीच गोष्ट पक्की केली. सोपा मार्ग असा, की गाडीबरोबर मिळालेले पुस्तक काढावे. त्यात त्या गाडीच्या सर्व प्रकारांना कंपनीने दिलेली मापे असतात. त्या यादीतले, आपल्या रिमला बसणारे माप घेतले की वाद उरत नाही. यादीबाहेरचे माप घालायचा विचार असेल तर आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला आणि विमेवाल्याला विचारावे. भाराचा अंक मात्र कंपनीच्या अंकापेक्षा खाली कधीही जाऊ देऊ नये. दुधाची किटली, बियाण्याची पोती, लग्नाला निघालेले गणगोत हे सगळे आपल्या गाडीत बसते. शहरातल्या गाडीचा भार आणि आपल्या गाडीचा भार यांत फरक आहे.

आणखी एक मोह म्हणजे मोठी रिम आणि बारीक कडेचा टायर. अशी गाडी डांबरी गुळगुळीत रस्त्यावर फार झोकात वळते, यात शंका नाही. आपला रस्ता कोणता ते मात्र पाहा. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याच्या कडा तुटलेल्या, मध्ये खड्डे, वस्तीच्या वाटेवर मुरूम. बारीक कड खड्ड्याच्या काठावर चेपली की आतले धागे तुटतात आणि बाहेर टेंगूळ येते. टेंगूळ आलेला टायर म्हणजे फुटायला निघालेला टायर. तो दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. आमचे मत विचाराल तर खर्ड्याच्या परिसरात रिम आहे तीच ठेवावी आणि रुंदी फार तर एक पायरी वाढवावी. मापाची हौस करण्यापेक्षा तेच पैसे चांगल्या प्रतीच्या रबरावर घालावेत.

चांगल्या प्रतीचे म्हणजे काय? आपल्या दृष्टीने पहिली कसोटी ओल्या रस्त्यावरची पकड. खर्डा बालाघाटाच्या पायथ्याला आहे. १७९५ च्या मार्चमध्ये निजामाची फौज मोहरीचा घाट उतरून याच रानात आली होती, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. घाटरस्ते आपल्याला नवीन नाहीत. पण पहिल्या पावसात त्या रस्त्याचे काय होते ते पाहिले आहे ना? उन्हाळाभर साचलेली धूळ आणि तेल यांचा राडा होतो. त्यात शेतातून वर आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांतून काळ्या मातीचे चोते पडलेले असतात. हंगामात उसाचे पाचट पडते, ते ओले झाले की साबणासारखे. रबर कडक आणि खाचा उथळ असल्या की या राड्यावर टायर तरंगतो.

टायरवरच्या खाचा शोभेसाठी नसतात. तळहाताखालचे पाणी बाहेर काढून टाकणे हे त्यांचे काम. शेताला चर काढतो त्यातलाच प्रकार. चर बुजला की रान उपळते, खाच झिजली की पाणी टायरखालीच राहते. नव्या मोटारीच्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर खोल असते. कायद्याने ती १.६ मिलिमीटरपर्यंत झिजू देता येते. खाचेच्या तळाशी अधूनमधून रबराचे लहान उंचवटे ठेवलेले असतात. वरचे रबर झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आले की टायर संपला. ही कायद्याची शेवटची मर्यादा झाली. आमच्या मते पावसाळ्याच्या तोंडावर खाच ३ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर १.६ ची वाट पाहू नये.

पकड कमी झाल्याने काय होते ते आकड्यात पाहू. गाडी ताशी ८० ने चालली आहे. पुढे वळणावर उसाची ट्रॉली उभी आहे, मागचा दिवा नाही. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरची गाडी ब्रेक लागल्यापासून समजा ३५ मीटरमध्ये थांबते. ओल्यात झिजलेल्या टायरने पकड निम्मी झाली असे धरा, तर थांबायला ७० मीटर लागतील. इथपर्यंत सगळ्यांना समजते. पण पुढचे ध्यानात घ्या. पहिली गाडी जिथे उभी राहिली, त्याच ठिकाणी दुसरी गाडी अजून ताशी ५६ किलोमीटर वेगाने चाललेली असते. म्हणजे पहिल्या गाडीतली माणसे ट्रॉलीच्या मागे थांबून शिव्या देत असतात, आणि दुसऱ्या गाडीतली ताशी ५६ च्या वेगाने ट्रॉलीखाली जातात. चालवणारा तोच, ब्रेक तेच, पाय तेवढ्याच जोराने दाबलेला.

ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर लावण्याबद्दल वेगळे लिहायला हवे, ते पुढच्या खेपेस.

टायर बाजारात निवडताना काय पाहावे? आय.एस.आय. चे चिन्ह पाहावे. ओल्या रस्त्यावरची पकड, घरंगळण्याचा विरोध आणि आवाज यांच्या किमान अटी केंद्र सरकारने २०२२ च्या अधिसूचनेने टायरला लागू केल्या. त्यामुळे नव्याने बनलेला टायर काही एका पातळीचा असतो. त्यानंतर पाहायची गोष्ट म्हणजे टायरची जन्मतारीख. कडेवर डीओटी या अक्षरांनंतर येणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ३५२४ असे असले तर २०२४ सालातला ३५ वा आठवडा. बेण्याचे वय विचारल्याशिवाय आपण लागण करत नाही, तेच इथे करावे. दोन-तीन वर्षे उन्हात, पत्र्याच्या शेडखाली पडलेला टायर 'नवा कोरा' म्हणून गळ्यात मारला जातो. आकडे वाचता आले की दुकानदार दुसरा काढून देतो.

वयाची ही गोष्ट शहरापेक्षा आपल्याला जास्त लागू आहे. शहरातली गाडी रोज पळते, तिचा टायर झिजून संपतो. आपल्यापैकी पुष्कळांची गाडी बाजार, दवाखाना, लग्नकार्य, पंढरपूर आणि शिर्डी एवढीच चालते. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर. बाकीचा वेळ ती अंगणात, उन्हात. सात वर्षांनी पाहावे तर खाचा जवळजवळ नव्यासारख्या. मालक म्हणतो, टायर अजून कोरे आहेत. पण रबर आतून वाळलेले असते. कडेला बारीक तडे दिसतात, नखाने दाबले तर लवत नाही, लाकडासारखे लागते. असा टायर ओल्यात धरत नाही आणि लांबच्या पल्ल्यावर तापला की दगा देतो. पाच वर्षे झाली की दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावेत. कित्येक मोटार कंपन्या सहा वर्षांनी बदला म्हणून सांगतात. टायर बनवणारे सांगतात, की दहा वर्षांनंतर खाच कितीही शिल्लक असली तरी तो काढून टाकावा. स्टेपनीलाही हेच वय लागू. तिला कधी रस्ता दिसलेला नसतो, म्हणून ती नवी आहे असे समजू नका.

समृद्धी महामार्ग पूर्ण उघडल्यापासून हा प्रश्न वाढला आहे. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून सबंध खुला. आपली माणसे शिर्डीहून त्यावर चढतात आणि गाडी १२० ला नेतात. जी गाडी सारे आयुष्य ५०-६० च्या पुढे गेली नाही, जिचे टायर आठ वर्षांचे, हवा शेवटची दिवाळीत भरलेली, ती भर उन्हात सिमेंटच्या रस्त्यावर दोन-दोन तास १२० ने धावते. हवा कमी असली की टायरची कड दर फेऱ्याला अधिक लवते, लवून लवून तापते, तापून आतले थर सुटतात. टायर 'अचानक' फुटला असे म्हणतात तेव्हा तो तासभर आधीपासून फुटत आलेला असतो. २०२३ साली परिवहन विभागाने या महामार्गावर टायर तपासायला सुरुवात केली आणि झिजलेले टायर आढळले त्या गाड्यांना परत फिरवले. पुष्कळांना तेव्हा राग आला. आम्हाला विचाराल तर तो राग अनाठायी होता.

हवेबद्दल थोडके. किती पौंड भरायची हे पंक्चरवाल्याला विचारू नका, तो सगळ्यांना ३५ सांगतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीची चिठ्ठी चिकटवलेली असते. तीवर मोकळ्या गाडीची आणि भरलेल्या गाडीची हवा वेगवेगळी दिलेली असते. हवा सकाळी, गाडी थंड असताना भरावी. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की हवा साधारण एक पौंड वाढते. म्हणून धावून तापलेल्या टायरमधली हवा जास्त दिसते म्हणून सोडू नये. थंड झाल्यावर ती कमी पडते. नायट्रोजन भरायचा की नाही, असे हल्ली फार विचारतात. साध्या हवेतही शेकडा ७८ भाग नायट्रोजनच असतो. भरला तर तोटा नाही, पण पंधरा दिवसांनी एकदा हवा तपासणे त्याने चुकत नाही.

उसाच्या पानावरून त्याचे दुखणे आपण ओळखतो, तसे टायरच्या झिजेवरून गाडीचे दुखणे ओळखता येते. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शिल्लक, तर हवा कमी होती. मध्यच झिजला, तर हवा जास्त. एकच बाजू झिजली, तर अलायमेंट गेली आहे. ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडले, तर बॅलन्सिंग नाहीतर शॉकॲब्सॉर्बर पाहायला हवेत. जुना टायर उतरवला की तो लगेच फेकू नका. आधी त्याच्याकडे नीट पाहा. दुखणे तसेच ठेवून नवा टायर घातला तर तोही वर्षभरात तसाच झिजेल आणि दोष दुकानदाराला जाईल.

सगळे चार टायर एकदम बदलायची ऐपत नेहमी नसते. ऊसबिलाचा हप्ता आला की दोन, पुढच्या हप्त्याला दोन, असे करायला हरकत नाही. मात्र एका आखावरची जोडी सारखी हवी, एक नवा आणि एक जुना असे नको. आता प्रश्न येतो, नवी जोडी पुढे घालायची की मागे? आपल्याकडे दहांतले नऊ जण सांगतील, पुढे. इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, मग चांगले टायरही पुढे. ऐकायला बरोबर वाटते, पण टायर बनवणाऱ्या कंपन्यांचे सांगणे उलट आहे. चांगली जोडी मागे घालावी. कारण असे. ओल्या वळणावर पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते, चालवणाऱ्याला ते स्टिअरिंगमध्ये लगेच कळते, तो पाय उचलतो आणि गाडी बहुधा परत ताब्यात येते. मागची चाके घसरली तर गाडी गरकन फिरते, आणि ती सावरण्याचे कसब मुरलेल्या ड्रायव्हरलाही नसते. म्हणून पुढचे अर्धवट झिजलेले मागे आणि नवे पुढे, ही रीत सोडून द्यावी. झीज सारखी राहावी म्हणून आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करावी. चार सारखे झिजले की हा प्रश्न उरतच नाही.

दुकानात काय घेऊ नये, हेही सांगून ठेवतो. कोणाच्या तरी गाडीवरून उतरवलेले टायर घेऊ नयेत. त्यांनी कोणता खड्डा पाहिला आणि किती दिवस बिनहवेचे पळाले, हे रबरावर लिहिलेले नसते. गुळगुळीत झालेल्या टायरवर तापल्या सुरीने खाचा पुन्हा कोरून ते काळे करून विकतात. बोटाने चाचपले तर खाचेचा तळ खडबडीत लागतो आणि झिजेचे उंचवटे कुठे दिसत नाहीत. असा टायर धाग्यापर्यंत पातळ झालेला असतो. वरून रबर चढवलेला टायर मालट्रकच्या मागच्या चाकाला जगभर चालतो, तो धंदा नीट करणारे लोकही आहेत. पण घरच्या मोटारीला तो नको. आणि ट्यूबलेसचे कडेला झालेले पंक्चर दोरी घालून बुजवू देऊ नका, मग तो म्हणेना का, "काही होत नाही, दादा."

बिल घ्यावे, त्यावर टायरचे क्रमांक लिहून घ्यावेत. नव्या टायरबरोबर हवेचा वॉल्व्हही नवा टाकायला सांगावा. तो थोडक्या पैशांचा असतो, पण जुना ठेवला तर तिथूनच हवा झिरपते. बॅलन्सिंग आणि अलायमेंट त्याच दिवशी करून घ्यावे, 'पुढच्या फेरीला' म्हणून ठेवले की राहून जाते. नव्या टायरवर साच्यातून काढताना लावलेल्या द्रव्याचा बुळबुळीतपणा काही दिवस राहतो. पहिले दीड-दोनशे किलोमीटर गाडी बेताने चालवावी, जोराचा ब्रेक आणि जोराचे वळण टाळावे. शंभरेक किलोमीटर झाले की थांबून चारी चाकांचे नट पान्याने पुन्हा एकदा आवळून पाहावेत.